बस्ता लक्ष्मी रस्त्याचा: मेडशीहून पुण्याला निघण्याआधी

दिवाळीच्या आसपास सोयाबीन बाजार समितीत जातं, पुढे माघात तुरीचे पैसे हाती येतात. मेडशी, मालेगाव, पातूर या पट्ट्यात लग्नाची बोलणीही याच काळात पक्की होतात. पूर्वी बस्ता म्हटला की अकोला नाहीतर वाशिम, आणि फार हौस असली तर अमरावती. आता आपल्या भागातली कितीतरी मुलं-मुली पुण्यात नोकरीला आहेत. कोणी हिंजवडीत संगणकावर, कोणी चाकणला कारखान्यात. त्यामुळे 'या वेळी बस्ता पुण्यात, लक्ष्मी रस्त्यावर' असं घराघरांत ऐकू येऊ लागलं आहे. पॅरिसला शाँझ-एलिझे, बार्सिलोनाला पासेज द ग्रासिया, तसा मराठी घरांच्या मनात लक्ष्मी रस्ता. शालू, पैठणी, दागिने, पूजेची भांडी असं सगळं तिथे हाकेच्या अंतरावर मिळतं.

हौस असावी, आणि ती पुरवावीही. पण मोठ्या रस्त्यावर पैसा कसा जातो हे कळत नाही. दिवे, काच, गादीवर एकामागून एक उलगडत जाणाऱ्या साड्या आणि 'वहिनी, हा रंग तुम्हालाच शोभेल' असं म्हणणारा विक्रेता समोर असला की घरी केलेला हिशोब डोक्यातून निघून जातो. म्हणून खरी खरेदी मेडशीतच, घरच्या ओसरीवर बसून करायची असते. तिथे काय घ्यायचं आणि इथे काय, ते आधी कागदावर उतरवा आणि मगच गाडीत बसा.

काय तिथे, काय इथेच

यादीचे सरळ दोन भाग करा. नवरीचा शालू, एखादी पैठणी, नवरदेवाची शेरवानी, मुख्य दागिना अशा मोजक्या, मोलाच्या आणि निवडीला भरपूर वाव लागणाऱ्या वस्तू पुण्याच्या यादीत. ज्यांचं अप्रूप नगावर नाही, संख्येवर आहे, त्या वस्तू इथल्या यादीत. मानपानाच्या साड्या, आहेराची धोतरं-टोप्या, टॉवेल, शर्टपीस, चादरी हे सगळं मालेगाव, वाशिम किंवा अकोल्यातच घ्या.

याला कारणं आहेत. आहेराच्या साड्यांचा आकडा शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत असतो. चार कमी पडल्या तर मालेगावला जाऊन आणता येतात, चार उरल्या तर ओळखीचा दुकानदार बदलून देतो. पुण्याहून आणलेला गठ्ठा बदलायला कोण जाणार? शिवाय ओझं वाढतं, गाडीत जागा लागते आणि हमालीही द्यावी लागते. शिलाईचंही तसंच. ब्लाऊज, फॉल-पिको, परकर ही कामं गावच्या शिंप्याकडेच द्या. माप चुकलं तर तो त्याच संध्याकाळी उसवून देतो.

यादीत प्रत्येक वस्तूसमोर दोन आकडे लिहा. एक, आपण द्यायला तयार आहोत तो. दुसरा, ज्याच्या वर काही झालं तरी जायचं नाही तो. या कागदाची एक प्रत घरातल्या सर्वांत खंबीर माणसाच्या खिशात असू द्या आणि दुकानात त्याचा शब्द अखेरचा माना.

निघण्याआधी आणखी एक काम करा. अकोल्याच्या कापड बाजारात आणि सराफ्यात एक चक्कर मारून भाव विचारून या. त्याच प्रकारच्या साडीला तिथे काय पडतं, घडणावळ किती टक्के लावतात, हे माहीत असलं की पुण्यात समोरच्याचा भाव वाजवी आहे की नाही ते लगेच कळतं.

कधी जायचं, कसं पोचायचं

मेडशी अकोला-वाशिम महामार्गावर असल्यामुळे दोन्ही बाजूंनी सोय आहे. रेल्वेने जायचं तर अकोल्याहून. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि हावडा-पुणे आझाद हिंद एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या अकोला घेऊन पुण्याला जातात. लग्नसराईत आरक्षण लवकर भरतं, तेव्हा तारीख ठरली की तिकीट आधी काढा. रात्रीच्या ट्रॅव्हल्स अकोला आणि वाशिम दोन्हीकडून मिळतात.

पुण्यात उतरल्यावर रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसण्यापेक्षा मेट्रो बरी. रेल्वे स्थानकाला लागूनच मेट्रोचं स्थानक आहे. तिथून वनाजकडे जाणारी गाडी धरा, सिव्हिल कोर्टला उतरा आणि स्वारगेटकडे जाणारी भुयारी गाडी घ्या. सिव्हिल कोर्टनंतर कसबा पेठ आणि मग मंडई. मंडईला वर आलात की लक्ष्मी रस्ता पायी काही मिनिटांवर आहे. हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि तेव्हापासून बाहेरगावच्या माणसाला पेठांमध्ये येणं फार सोपं झालं. ट्रॅव्हल्स नगर रस्त्याने पुण्यात शिरत असेल तर रामवाडी मेट्रो स्थानकाजवळ उतरूनही याच मार्गाने येता येतं. स्वतःची चारचाकी असेल तर ती पेठेत आणू नका. रस्ता अरुंद आहे, वाहतूक एकेरी आहे आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते. गाडी नातेवाइकांकडे लावा आणि मेट्रोने या.

दिवस निवडताना शनिवार-रविवार टाळा. सणाआधीचा आठवडा टाळा. गणेशोत्सवात, विशेषतः अनंत चतुर्दशीला, इकडे खरेदीसाठी येऊच नका. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचा मुख्य मार्ग हाच रस्ता आहे आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मधल्या वारी, सकाळी दुकानं उघडताना पोचलात तर विक्रेत्याला वेळ असतो आणि साडी दिवसाच्या उजेडात पाहता येते. जुन्या पेठांमध्ये काही दुकानं दुपारी बंद असतात आणि सुटीचा वारही प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून जिथे जायचं नक्की केलं आहे तिथे आदल्या दिवशी फोन करा.

डिसेंबरात जाणार असाल तर एक तारीख लक्षात ठेवा. पुणे महापालिकेने २०२१ मध्ये ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर वाहनं बंद ठेवून पादचारी दिन पाळला आणि पुढेही तो प्रघात ठेवला. पॅरिसचा शाँझ-एलिझे २०१६ पासून महिन्याच्या पहिल्या रविवारी असाच पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. रस्ता डोळे भरून पाहायचा असेल तर असा दिवस उत्तम.

रस्त्याची ओळख

लक्ष्मी रस्ता पूर्वेकडून पश्चिमेला जुन्या पेठा कापत जातो आणि अलका टॉकीजच्या चौकात, म्हणजे टिळक चौकात, संपतो. खरेदीची मुख्य गर्दी सोन्या मारुती चौकापासून पुढे बेलबाग चौक, कुंटे चौक आणि विजय टॉकीज चौकापर्यंत असते. सोन्या मारुती चौकाकडे सराफी, तर पुढे साड्या, तयार कपडे आणि मोठ्या पेढ्या.

पण या रस्त्याची खरी श्रीमंती त्याच्या गल्ल्यांमध्ये आहे. तुळशीबाग इथून दोन पावलांवर. नारो आप्पाजी खिरे, म्हणजे तुळशीबागवाले, यांनी पेशवाईत उभारलेल्या राममंदिराभोवती हा बाजार वाढला. पूजेची भांडी, देवांच्या मूर्ती, मुंडावळ्या, खोट्या दागिन्यांचे संच, लहान मुलींची भातुकली सगळं इथे मिळतं. त्यामागे १८८६ मध्ये बांधलेली मंडई, आजची महात्मा फुले मंडई. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. तांब्याचा हंडा, घंगाळ हवं असेल तर कसबा पेठेतली तांबट आळी, जिथे आजही हातोडीने ठोके पाडून भांडी घडवतात. ठोक भावाने किरकोळ सामान हवं असेल तर रविवार पेठ आणि बोहरी आळी.

तुळशीबागेत आणि रस्त्यावरच्या फेरीवाल्यांशी घासाघीस चालते. मोठ्या दुकानात भाव ठरलेले असतात, पण तिथेही तीन-चार मोठे नग एकत्र घेताना सूट विचारायला लाजू नका.

शालू आणि पैठणी

पैठणी घ्यायची असेल तर पहिला प्रश्न सरळ विचारा: हातमागाची की यंत्रमागाची? सेमी पैठणी विकणं हा गुन्हा नाही. ती स्वस्त असते, दिसायला छान असते आणि कित्येकांना तेवढीच पुरते. फसवणूक होते ती सेमी पैठणी हातमागाच्या भावाने गळ्यात मारली जाते तेव्हा.

पारख करायला साडी उलटी करा. खऱ्या हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया किंवा आसवली प्रत्येक रंगाचा धागा वेगळा गुंफून विणलेली असते, त्यामुळे मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे धाग्यांचे सुटे पट्टे किंवा कापलेली टोकं दिसतात. रेशमासाठी सिल्क मार्कची चिठ्ठी आणि हातमागासाठी हँडलूम मार्क पाहा. घरी आल्यावर शंका आली तर पदराच्या गोंड्यातला एक धागा जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटांनी चुरली जाणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते.

पैठणीवरच मोठी रक्कम खर्च करणार असाल तर येवल्याचाही विचार करा. मनमाड-दौंड रेल्वेमार्गावरचं हे गाव आणि तिथले विणकर पैठणीसाठीच ओळखले जातात. शिर्डीला दर्शनाला जाणारी आपल्याकडची कुटुंबं पुष्कळ आहेत आणि शिर्डीहून येवला फार लांब नाही. माग पाहून, विणणाऱ्याशी बोलून साडी घेतली की तिची किंमत एवढी का असते ते मुलीलाही कळतं आणि पैसा थेट कारागिराच्या घरात जातो.

साडी निवडताना नवरीलाच पुढे बसवा. तिच्या अंगावर टाकून, दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन रंग पाहा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात लाल आणि राणी रंग वेगळेच भासतात.

सोनं घेताना

इथे घाई केली तर नुकसान सर्वांत मोठं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा असणं सक्तीचं आहे: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. २२ कॅरटला ९१६, १८ कॅरटला ७५० आणि १४ कॅरटला ५८५ असा आकडा असतो. खुणा बारीक असतात, म्हणून दुकानदाराकडे भिंग मागा. दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मग मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप उघडून तो क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. घरातल्या शिकलेल्या मुलाला हे काम द्या, ते दोन मिनिटांत होतं.

भावाचा फलक सगळीकडे जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो घडणावळीत. हिशोबाच्या सोयीसाठी दहा ग्रॅम, म्हणजे आजच्या बाजारातला एक तोळा, सोन्याचा भाव १ लाख रुपये धरू. एका दुकानात घडणावळ १० टक्के असेल तर १ लाख १० हजार आणि त्यावर ३ टक्के जीएसटी मिळून १,१३,३०० रुपये होतात. दुसऱ्या दुकानात घडणावळ १८ टक्के असेल तर तोच दागिना १,२१,५४० रुपयांना पडतो. एका तोळ्यामागे ८,२४० रुपयांचा फरक. पाच तोळ्यांना ४१,२०० रुपये. एवढ्या पैशांत बरेच आहेर निघतात. म्हणून 'आज भाव काय' याआधी 'घडणावळ किती' हे विचारा, आणि तीन दुकानांत विचारा.

खडे जडवलेला दागिना असेल तर खड्यांचं वजन वजा करून सोन्याचं निव्वळ वजन बिलावर लिहून घ्या. पुढे मोडताना किती टक्के कापणार तेही आधीच विचारा. बारीक नक्षीच्या नेकलेसची घडणावळ जास्त आणि मोडताना ती सगळी वाया जाते. आपल्याकडच्या पाटल्या, गोट, एकदाणी यांसारखे ठोस दागिने अडीअडचणीला कामी येतात. शेतकऱ्याच्या घरात सोनं हे नटण्याइतकंच नापिकीच्या वर्षाचं पाठबळही असतं. निवड करताना ही गोष्ट विसरू नका.

पैसे, बिल आणि तक्रार

मोठी रोकड कमरेला बांधून रात्रीच्या गाडीत बसू नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला दुकानदाराला कायद्याने मनाई आहे आणि २ लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. यूपीआयलाही दिवसाची मर्यादा असते. म्हणून निघण्याआधी बँकेत जाऊन डेबिट कार्डाची रोजची मर्यादा वाढवून घ्या आणि पॅन, आधार, चेकबुक सोबत ठेवा. फेरीवाल्यांसाठी आणि चहापाण्यासाठी लागेल तेवढीच रोकड बाळगा.

पक्कं बिल घ्या. 'कच्च्या बिलावर जीएसटी वाचतो' असं कोणी म्हटलं तर तिथून उठा. दागिन्याच्या बिलावर वजन, शुद्धता, घडणावळ आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहिलेला हवा. हॉलमार्कचा खर्च नगामागे ४५ रुपये आणि त्यावर जीएसटी इतकाच आहे. साडीच्या बिलावर हातमाग, रेशीम हे शब्द लिहून मागा. खरा माल विकणाऱ्याला ते लिहायला काहीच अडचण नसते.

फसवणूक झाली तर पुण्याच्या खेपा घालाव्या लागतील या भीतीने बरेच जण गप्प बसतात. तशी गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे पुण्यात घेतलेल्या वस्तूची तक्रार मेडशीकराला वाशिमला करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. मात्र हातात बिल नसेल तर यातलं काहीच होत नाही.

थोरामोठ्यांना सोबत नेताना

बस्त्याला आजी, मावशी, काकू हव्यातच. पण बारा-पंधरा जणांचा ताफा पेठेच्या गर्दीत सांभाळला जात नाही. सहा-सात माणसं पुरेत. चपला जुन्या, पायाला सवयीच्या घाला. पिशव्या आणि पर्स पुढच्या बाजूला धरा. हरवलंच कोणी तर भेटायची एक जागा आधी ठरवा. दगडूशेठ गणपतीचं मंदिर सगळ्यांना माहीत असतं, ते सोयीचं. रस्त्यावर बसायला बाक फारसे नाहीत, म्हणून मोठ्यांना साडीच्या दुकानात बसवा आणि बाकीची भटकंती तरुणांनी करा. बायकांसाठी स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा असतो. मेट्रो स्थानकात आणि मोठ्या दुकानांत ती सोय असते, संकोच न करता विचारा. दुपारी पोटभर जेवा. उपाशीपोटी आणि थकून केलेली खरेदी बहुतेक महाग पडते.

मुलाने पॅरिसला नेलं तर

आता आपल्याकडची मुलं पुण्याहून पुढे युरोपातही जातात आणि आईवडिलांना बोलावतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो आधी काढा. पॅरिसचा शाँझ-एलिझे सुमारे दोन किलोमीटर लांब आहे, विजय कमानीपासून कॉन्कॉर्ड चौकापर्यंत. पाहायला पैसे पडत नाहीत, तो पूर्ण चाला. लुई व्हितॉनसारख्या दुकानात शिरताना दारावरच्या माणसाला आणि विक्रेत्याला 'बाँझूर' म्हणा. तिथे ती रीत आहे आणि न म्हटल्यास उद्धटपणा समजतात. रस्त्यात कागद पुढे करून सही मागणाऱ्यांपासून लांब राहा, सही करताना खिसा कापला जातो.

तिथल्या किमतीत सहसा २० टक्के व्हॅट धरलेला असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पर्यटकाने एका दुकानात १०० युरोपेक्षा जास्त खरेदी केली तर त्यातला काही भाग परत मिळतो. त्यासाठी पासपोर्ट दाखवून दुकानातच 'डेटॅक्स'चा फॉर्म मागायचा आणि विमानतळावर सामान जमा करण्याआधी 'पाब्लो' नावाच्या यंत्रावर तो फॉर्म पडताळून घ्यायचा. बिलं जपून ठेवा, भारतात उतरल्यावर सीमाशुल्क विभाग विचारू शकतो. नामांकित कंपन्यांच्या नकली पिशव्या फुटपाथवरून घेऊ नका. फ्रान्समध्ये विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो.

शेवटचं सांगणं

लक्ष्मी रस्ता असो की शाँझ-एलिझे, तो पाहायला मोकळ्या मनाने जा आणि खरेदीला यादी घेऊन जा. हातात बिल, दागिन्यावर हॉलमार्क आणि खर्च ठरवलेल्या आकड्याच्या आत, एवढं झालं की बस्ता चांगला झाला असं समजा. आणि मेडशीच्या प्रत्येक आईबापाला कळकळीची विनंती आहे: बस्त्यासाठी सावकाराकडे जाऊ नका, पुढच्या पिकावर उचल घेऊ नका. सोयाबीनचे जेवढे पैसे हाती असतील तेवढीच यादी करा. लग्नानंतरच्या पहिल्या पेरणीला घरात बियाण्याचे पैसे असले पाहिजेत.